चुळीची परीक्षा

सूक्ष्मजीवांचा धडा संपला की मुलांच्या प्रश्नांना तोंड फुटते. अशाच एका तासानंतर आठवीतल्या एका मुलीने आमच्यापैकी एकीला विचारले, "बाई, टीव्हीवर सांगतात की माउथवॉशने चूळ भरली की नव्याण्णव टक्के जंतू मरतात. मग ब्रश कशाला करायचा?" वर्ग हसला. "ब्रश केलाच पाहिजे," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण तास संपल्यावर ती पुन्हा आली. "माझ्या आजीच्या हिरड्यांतून रक्त येतं. बाबा दर महिन्याला तिच्यासाठी बाटली आणतात. तिचा उपयोग होतो का?"

या दुसऱ्या प्रश्नाने आम्ही अडखळलो. ब्रश केला पाहिजे हे आपण सगळेच सांगतो. पण चूळ भरायच्या औषधाने हिरड्या सुधारतात की नाही, हे कोणी, कसे ठरवले? तपासायचे म्हटले तर आपण काय तपासू? हे शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले की ही गोष्ट केवळ दातांची नाही. एखाद्या औषधाची न्याय्य परीक्षा कशी घ्यावी, याचा हा एक उत्तम धडा आहे, आणि तो वर्गात सहज शिकवता येण्यासारखा आहे.

दातांवर असते काय?

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवा. काहीतरी बुळबुळीत लागते. त्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात. दात स्वच्छ घासले की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा दातावर बसतो. या पापुद्र्यावर लाळेतले काही जीवाणू येऊन चिकटतात, तिथेच वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट पदार्थ तयार करतात. मग त्यांच्या आधाराने दुसऱ्या जातींचे जीवाणू येतात. पहिल्या एक-दोन दिवसांत प्रामुख्याने गोल जीवाणू असतात. थर जुना होत गेला की त्यात दांडीसारखे, धाग्यांसारखे आणि मळसूत्रासारखे जीवाणूही दिसू लागतात. म्हणजे प्लाक हे अन्नाचे चिकटलेले कण नव्हेत. ती जीवाणूंची एक दाट वस्ती आहे.

ही वस्ती हिरडीच्या कडेला राहिली की हिरडीला दाह होतो. तिचा फिकट गुलाबी रंग जाऊन लाली येते, ती सुजते, ब्रश लागला की रक्त येते. थरावर लाळेतले क्षार बसत गेले की त्याचे दगडासारखे किटण होते आणि ते ब्रशने निघत नाही. काही लोकांत हा दाह आणखी खोल जातो, दात धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजते, आणि धडधाकट दिसणारा, न किडलेला दातही हलायला लागतो.

चुळीची पहिली परीक्षा

तोंडातले जीवाणू पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हान लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने. स्वतः घासून तयार केलेल्या इवल्याशा भिंगांमधून तो दिसेल ते पाहत असे आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहून कळवत असे. १६८३ सालच्या पत्रात त्याने आपल्याच दातांमधल्या पांढऱ्या थराचे वर्णन केले आहे. तो रोज मिठाने दात घासत असे, तरीही दातांच्या फटींत हा थर उरलेला त्याला दिसला. पाण्यात कालवून पाहिला, तर त्यात असंख्य सजीव हालचाल करत होते.

लेव्हेनहूक तेवढ्यावर थांबला नाही. त्याने व्हिनेगर, म्हणजे शिरका, वापरून पाहिला. शिरक्याचा स्पर्श झाला की हे जीव मरतात, हे त्याला भिंगातून दिसले. पण शिरक्याने तोंड धुतल्यानंतर थर तपासला, तेव्हा फक्त वरवरचे जीव मेलेले आढळले. थराच्या आतले जिवंतच होते.

आजच्या प्रत्येक जाहिरातीसमोर ठेवावे असे हे निरीक्षण आहे. काचेवर सुटे असलेले जीवाणू मारणे वेगळे आणि दातावर वस्ती करून बसलेले जीवाणू मारणे वेगळे. "नव्याण्णव टक्के जंतू मरतात" हे वाक्य खरे मानले, तरी आपण विचारले पाहिजे: कुठे मरतात? काचेच्या नळीत की तोंडात?

आणि मेल्यानंतर पुढे काय? इथे थोडे गणित करू या. समजा, १०० जीवाणूंपैकी ९९ मेले आणि एक उरला. त्याचे दोन होतील, दोनाचे चार, असे सात वेळा दुप्पट झाले की १२८ होतात. म्हणजे केवळ सात पिढ्यांत मूळच्या संख्येहून जास्त. एका पिढीला चार तास लागतात असे धरले, तर हा हिशेब २८ तासांत पुरा होतो. नव्याण्णव हा आकडा मोठा वाटतो, पण जीवाणूंच्या वाढीपुढे तो फार वेळ टिकत नाही.

थरामुळेच दाह होतो कशावरून?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिरड्यांच्या विकारांची अनेक कारणे सांगितली जात. कोणी आहाराला दोष देई, कोणी वयाला. ज्यांच्या तोंडात थर जास्त त्यांच्या हिरड्या खराब, एवढे दिसत होते. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कदाचित हिरड्या दुखतात म्हणून लोक नीट घासत नसतील आणि त्यामुळे थर वाढत असेल!

हा गुंता सोडवणारा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस येथील दंतवैद्यक महाविद्यालयात हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसे निवडली. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. सर्वांनी दात घासणे पूर्ण बंद केले. ठरावीक दिवसांनी थर, हिरड्या आणि थरातले जीवाणू तपासले गेले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्यांना दाह झाला. मग त्यांनी पुन्हा दात स्वच्छ करायला सुरुवात केली. साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

या प्रयोगाची रचना वर्गात जरूर सांगावी. इथे तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती: आधी, थर साठल्यावर आणि थर काढल्यावर. कारण आणले तर परिणाम दिसला आणि कारण काढले तर परिणाम गेला. आहार तोच, वय तेच. शिवाय हा दाह भरून येणारा होता, म्हणूनच तो मुद्दाम घडवून आणणे योग्य ठरले. जे नुकसान भरून येणार नाही, ते पाहण्यासाठी असा प्रयोग करता येत नाही.

लाली मोजायची कशी?

"हिरडी जास्त लाल आहे" हे मोजमाप नव्हे. दोन चाचण्यांची तुलना करायची तर आकडा हवा. लोए आणि सिल्नेस यांनी १९६३ साली हिरड्यांसाठी एक निर्देशांक सुचवला, तो आजही वापरला जातो. निरोगी हिरडीला ०. रंग थोडा बदललेला, किंचित सूज, पण बोथट सळई फिरवल्यावर रक्त येत नाही, तर १. लाली, सूज आणि सळई फिरवल्यावर रक्त, तर २. खूप लाली, जखमा आणि आपोआप रक्त येण्याकडे कल, तर ३. दाताच्या चारही बाजूंच्या हिरडीला असे गुण द्यायचे आणि सगळ्यांची सरासरी काढायची. पुढच्याच वर्षी त्यांनी थरासाठीही ० ते ३ असाच निर्देशांक दिला.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपणा शिक्षकांना यातली अडचण लगेच कळेल. एकच निबंध दोन परीक्षकांकडे दिला तर गुण सारखे पडतात का? १ आणि २ यांच्या सीमेवरच्या हिरडीला एक डॉक्टर १ देईल, दुसरा २. म्हणून चांगल्या चाचणीत परीक्षकांना आधी एकत्र सराव दिला जातो, त्यांचे गुण किती जुळतात ते तपासले जाते आणि शक्यतो एका माणसाच्या हिरड्या सुरुवातीला आणि शेवटी एकच परीक्षक पाहतो.

एक औषध सापडले

थर हेच कारण असेल, तर तो रसायनाने रोखता येईल का? लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली याचे उत्तर दिले. पुन्हा तीच पद्धत: विद्यार्थ्यांनी ब्रश बंद केला. मात्र या वेळी ते दिवसातून दोनदा क्लोरहेक्झिडीनच्या ०.२ टक्के द्रावणाने चूळ भरत होते. दर वेळी १० मिलिलिटर, एक मिनिटभर. सुमारे तीन आठवड्यांनंतरही त्यांच्या दातांवर थर जवळजवळ बसलाच नाही आणि हिरड्यांना दाह झाला नाही.

क्लोरहेक्झिडीन नवे नव्हते. ब्रिटनमध्ये तयार झालेले हे जंतुनाशक १९५० च्या दशकापासून त्वचा स्वच्छ करण्यासाठी वापरात होते. मग तोंडात ते इतके प्रभावी का ठरले? नळीत जीवाणू मारणारी रसायने पुष्कळ आहेत. पण तोंडात लाळ सतत वाहत असते आणि रसायन काही मिनिटांत गिळले जाते. क्लोरहेक्झिडीनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, तर दातांवरचा पापुद्रा, तोंडातील अस्तर आणि जीवाणूंचे पृष्ठभाग यांवर प्रामुख्याने ऋण भार. त्यामुळे ते या पृष्ठभागांना चिकटते आणि तिथून हळूहळू सुटत कित्येक तास काम करत राहते. किती जोरात मारते यापेक्षा किती वेळ टिकते, हे इथे महत्त्वाचे ठरले.

याच विद्युतभारामुळे एक अडचणही येते. टूथपेस्टमध्ये फेस आणणारा जो पदार्थ असतो त्यावर ऋण भार असतो. तो क्लोरहेक्झिडीनला बांधून निकामी करतो. म्हणून पेस्टने दात घासल्यावर लगेच या औषधाची चूळ भरू नये, मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा, असे सांगतात.

एक छोटे गणित मुलांना द्या. काही देशांत ०.१२ टक्के द्रावण १५ मिलिलिटर वापरतात, काही ठिकाणी ०.२ टक्के द्रावण १० मिलिलिटर. कोणते 'कडक'? पहिल्यात १८ मिलिग्रॅम औषध येते, दुसऱ्यात २०. बाटलीवरच्या टक्क्यांकडे पाहून वाटतो तेवढा फरक प्रत्यक्षात नाही.

पण प्रश्न बदलला

आता आपण त्या मुलीच्या घरी जाऊ. आजी ब्रश करते आणि वर चूळ भरते. म्हणजे खरा प्रश्न असा आहे: ब्रश करणाऱ्या माणसाला चुळीने आणखी किती फायदा होतो? १९७० च्या प्रयोगाने याचे उत्तर मिळत नाही, कारण त्यात कोणी ब्रश करतच नव्हते. न्याय्य परीक्षेतली पहिली पायरी हीच, की योग्य प्रश्न विचारायचा.

समजा, आपण शंभर माणसे घेतली, सहा महिने त्यांना औषध दिले आणि हिरड्यांचा सरासरी निर्देशांक १.४ वरून १.० वर आला. म्हणजे २९ टक्के सुधारणा. जाहिरात तयार! पण थांबा. चाचणीच्या सुरुवातीला साधारणपणे सर्वांचे दात दंतवैद्याकडून साफ केले जातात. शिवाय आपले दात कोणीतरी तपासणार आहे हे कळले की माणूस जास्त मन लावून घासतो. तपासनीस येणार म्हटल्यावर शाळेच्या भिंती कशा रंगवल्या जातात, ते आपण जाणतोच. मग ही सुधारणा औषधाची कशावरून?

म्हणून दुसरी शंभर माणसे हवीत. त्यांनाही साफसफाई, त्यांनाही ब्रश, त्यांनाही बाटली. फक्त त्यांच्या बाटलीत औषध नाही. समजा, त्यांचा निर्देशांक १.४ वरून १.२ वर आला. आता औषधाचे खरे श्रेय १.२ आणि १.० यांतल्या फरकाएवढेच, म्हणजे सुमारे १७ टक्के. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.) तुलना-गट नसेल, तर औषधाच्या पदरात ब्रशचे आणि तपासणीच्या धाकाचेही श्रेय पडते.

कोणाला कोणती बाटली मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. डॉक्टरांनी निवड केली तर ते नकळत खराब हिरड्यांच्या माणसांना औषध देतील. दोन्ही द्रवांचा रंग आणि चव शक्य तितकी सारखी ठेवायची, म्हणजे आपल्याला कोणते मिळाले हे माणसाला कळणार नाही. गुण देणाऱ्या परीक्षकालाही ते कळता कामा नये. नाहीतर सीमेवरच्या हिरडीला गुण देताना त्याचा हात आपल्या आवडीच्या बाजूला झुकेल. आपण उत्तरपत्रिकेवरचे नाव का झाकतो? त्याचेच हे उत्तर.

आणि मुदत किती? अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९८६ साली अशा उत्पादनांसाठी नियम आखले. निदान सहा महिन्यांची चाचणी, तीही एक नव्हे तर वेगवेगळ्या संशोधकांनी केलेल्या दोन, असा त्यांचा आग्रह होता. दोन आठवड्यांत उत्साह टिकतो, सहा महिन्यांत ओसरतो. शिवाय दुष्परिणाम आणि तोंडातल्या जीवाणूंत होणारे बदल दिसायला वेळ लागतो.

इतके करूनही एक गंमत होतेच. क्लोरहेक्झिडीनने काही आठवड्यांत दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, काहींची चव तात्पुरती बदलते. डाग दिसले की परीक्षकाला सहज अंदाज येतो की हा औषधाच्या गटातला! झाकलेले नाव असे दातांवर उमटते. त्यामुळे या औषधाच्या चाचण्या वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

निकाल काय लागला?

कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून त्यांचा आढावा घेते. तिने २०१७ साली क्लोरहेक्झिडीनच्या ५१ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला; त्यांत ५,३४५ माणसे होती. ब्रशच्या जोडीला चूळ भरल्याने थर बराच कमी होतो, हे निश्चित दिसले. ज्यांच्या हिरड्यांना सौम्य दाह होता त्यांच्यात चार ते सहा आठवड्यांनंतर दाहही कमी झाला. किती? ० ते ३ या मोजपट्टीवर ०.२१ एवढा. सहा महिन्यांनीही साधारण तेवढाच. आढावा घेणाऱ्यांनी स्पष्ट लिहिले की हा फरक रुग्णाच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा मानता येत नाही. ज्यांचा दाह मध्यम किंवा तीव्र होता, त्यांच्याबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नव्हता. आणि डाग पडतात, हेही नक्की झाले.

हा निकाल नीट वाचायला हवा. फरक खरा आहे, तो योगायोग नाही. पण खरा असणे आणि मोठा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ माणसे तपासली की अगदी लहान फरकही निश्चितपणे दिसतो. त्यामुळे तो मोठा होत नाही. म्हणूनच दंतवैद्य हे औषध थोड्या दिवसांसाठी आणि विशिष्ट कारणांसाठी देतात: हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर, मोडलेला जबडा तारांनी बांधलेला असताना, किंवा अपंगत्वामुळे ज्यांना ब्रश धरताच येत नाही त्यांच्यासाठी. जिथे ब्रश पोचत नाही, तिथे चुळीचे मोल वाढते.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. आपल्याला काळजी लालीची असते की दात पडण्याची? या चाचण्या लाली मोजतात, कारण सहा महिन्यांत दात पडत नाहीत. पण लाली आणि दात पडणे यांचे नाते सरळ नाही. लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षे श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरील ४८० कामगारांचा अभ्यास केला. या लोकांना दंतवैद्यकाची सेवा मिळत नव्हती आणि ते ब्रश वापरत नव्हते. दाह जवळजवळ सर्वांना होता. तरी सुमारे ८ टक्के लोकांतच रोग झपाट्याने वाढून चाळिशीच्या आसपास बहुतेक दात गेले. ८१ टक्क्यांत तो मध्यम वेगाने वाढला आणि ११ टक्क्यांत दाहापलीकडे गेलाच नाही. म्हणून "लाली कमी झाली" या निष्कर्षावरून "दात वाचले" असे म्हणता येत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याची परीक्षाही वेगळी, अनेक वर्षांची असायला हवी.

तुलना कोणाशी?

माउथवॉशमधले एक जुने नाव लिस्टरीनचे. ते अमेरिकेत १८७९ साली तयार झाले आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर यांच्यावरून त्याचे नाव ठेवले गेले. त्यातले घटक आपल्या ओळखीचे आहेत: ओव्याला त्याचा वास देणारा थायमॉल, पुदिन्यातला मेंथॉल, निलगिरीच्या तेलातला युकॅलिप्टॉल आणि अंगदुखीच्या मलमाला वास देणारे मिथिल सॅलिसिलेट. सहा-सहा महिन्यांच्या चाचण्यांत या मिश्रणाने थर आणि दाह कमी होतो असे दिसले आहे. म्हणजे उत्पादन पोकळ नव्हते. पण पुरावा जिथे संपतो त्याच्या पुढे जाहिरात जाते, तेव्हा काय होते तेही पाहण्यासारखे आहे.

या औषधाने सर्दी आणि घशाचे विकार टळतात, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७५ साली हा दावा खोटा ठरवला आणि पुढच्या जाहिरातींत तशी दुरुस्ती छापायला लावली. पुढे २००४ च्या सुमारास, हे माउथवॉश दातांच्या फटींतून फिरवायच्या दोऱ्याइतकेच, म्हणजे फ्लॉसइतकेच, परिणामकारक आहे अशी जाहिरात आली. तिला दोन चाचण्यांचा आधारही होता. फ्लॉस बनवणारी कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने चाचण्या तपासल्या. त्यांत सौम्य ते मध्यम दाह असलेलेच लोक होते. शिवाय फ्लॉसच्या गटातले लोक तो रोज नीट वापरत होते, असे दिसत नव्हते. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने जाहिरात थांबवायचा आदेश दिला. मौज अशी की पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, फ्लॉसवाल्या कंपनीच्याच मूळ समूहाने हे माउथवॉश विकत घेतले!

धडा साधा आहे. शर्यतीतला प्रतिस्पर्धी लंगडत धावत असेल, तर त्याच्याबरोबरीने पोचण्यात काही सिद्ध होत नाही.

हेच प्रश्न आपल्या घरच्या उपायांनाही विचारले पाहिजेत. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, कडुलिंबाची काडी, राखुंडी यांना जुनेपणाचा आधार आहे म्हणून परीक्षेतून सूट नाही, आणि घरगुती आहेत म्हणून आधीच नापासही नाहीत. मिश्रीची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यात तंबाखू असते, तेव्हा तिला दात घासण्याचे साधन म्हणताच येत नाही.

वर्गात करून पाहा

औषधाची चाचणी शाळेत करायची नाही आणि कोणालाही दात घासणे बंद करायला सांगायचे नाही. पण मोजण्यातली अडचण आणि ब्रशचे काम ही दोन्ही मुलांना प्रत्यक्ष पाहता येतील. पालकांची परवानगी घ्या आणि तयार असलेल्या मुलांनाच घ्या.

साहित्य: खाण्याचा लाल रंग, पाणी, कापसाचे बोळे, आरसा, बॅटरी. प्रत्येकाचा स्वतःचा पेला आणि स्वतःचा ब्रश.

कृती: मधल्या सुट्टीनंतर मुलाने रंगाच्या पाण्यात बुडवलेला बोळा स्वतःच्या पुढच्या सहा वरच्या दातांवर फिरवावा आणि साध्या पाण्याने एकदा चूळ भरावी. थर असेल तिथे रंग टिकतो. दोन परीक्षक-मुलांनी हात न लावता, बॅटरीच्या उजेडात, प्रत्येक दाताला गुण द्यावेत. रंग नाही: ०, हिरडीलगत रेघ: १, अर्ध्या दातापर्यंत: २, अर्ध्याहून जास्त: ३. दोघांनी एकमेकांचा कागद पाहायचा नाही.

आता निम्म्या मुलांनी एक मिनिट साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात, निम्म्यांनी एक मिनिट ब्रश करावा. गट चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग सर्वांनी पुन्हा रंग लावावा. दुसऱ्या वेळच्या परीक्षकांना कोण कोणत्या गटातले ते सांगू नका.

फळ्यावर सरासरी मांडा आणि विचारा: दोन परीक्षकांचे गुण किती दातांवर जुळले? गट माहीत असता तर गुण बदलले असते का? फरक दिसला तर तो किती मुलांमुळे? एखादे मूल वगळले तर निष्कर्ष उलटतो का? ब्रशचा हात नीट फिरला की नाही हे आपण पाहिले का? शेवटी सगळ्यांनी दात घासून रंग काढून टाकावा.

त्या मुलीला काय सांगितले?

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही तिला पुन्हा बोलावले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिले. लेव्हेनहूकची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "म्हणजे वरचे मरतात, आतले राहतात. थर खरवडून काढायलाच हवा." दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही तिला एवढेच सांगितले: बाटलीने आजीचे काही बिघडले असेलच असे नाही, थोडा उपयोगही झाला असेल. पण किटण चुळीने निघत नाही आणि हिरडीच्या खाली चूळ फारशी पोचत नाही. रक्त येत राहते, हे हिरडीने दिलेले बोलावणे आहे. ते बाटलीने झाकण्यापेक्षा आजीला एकदा दंतवैद्याकडे न्यायला बाबांना सांग. सरकारी दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयात हे काम कमी खर्चात होते.

आणि जाता जाता तिला वहीत चार प्रश्न लिहून दिले, कोणत्याही जाहिरातीला विचारण्यासाठी: कुठे तपासले, नळीत की माणसात? तुलना कोणाशी केली? गुण देणाऱ्याला गट माहीत होता का? आणि फरक किती, व तो कोणाच्या उपयोगाचा?

महिन्याभराने ती सांगत आली की आजीच्या दातांवरचे किटण काढले, रक्त थांबले. आम्ही तिला विचारले, "हे किटण काढल्यामुळेच झाले, हे कशावरून?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एका आजीवरून नाही सांगता येणार, बाई." ऑर्हुसच्या बारा जणांची साक्ष आपल्या बाजूने आहे, हे आम्ही तिला जरूर सांगितले. पण तिचे उत्तर ऐकून वाटले, सूक्ष्मजीवांचा धडा खऱ्या अर्थाने आत्ता शिकवून झाला.